नऊ नंबरचा झेंडा

तुम्हाला कोणी पत्ता विचारला तर तुम्ही काय सांगता? खरं सांगा. "सरळ जा, पुढे देऊळ लागेल, तिथं कोणालाही विचारा." म्हणजे पत्ता सांगायचं काम देवळाजवळच्या माणसावर ढकलून तुम्ही मोकळे. या देशातला निम्मा कारभार असाच चालतो, पण तो विषय वेगळ्या पत्रकाचा आहे.

आमच्या डिगरसे काकांना त्यांच्या घरचा पत्ता विचारून बघा. ते खिशातून होकायंत्र काढतात, तुमच्याकडे दयेने बघतात आणि म्हणतात, "तिगाव स्टेशन. पाण्याची टाकी. तिथून एकशे चाळीस अंश, अकराशे पावलं. मंग नाला. नाल्याच्या पल्याड पंचेचाळीस अंश, दोनशे पावलं. या कधीही."

कोणी जात नाही.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झाले, पण मोजणी त्यांच्यातून रिटायर झाली नाही. पांढुर्ण्यात त्यांना सगळे 'कंपासवाले' म्हणतात. न्हाव्याला ते सांगतात, "दक्षिणेकडून थोडे कमी कर." चहाच्या टपरीवर कप उंच धरून सांगतात, "साखर पश्चिमेले बसली, हलव." एका लग्नात कोणाच्या तरी मामांनी हात धुवायची जागा विचारली. काका म्हणाले, "नैर्ऋत्य." मामा नैर्ऋत्येला निघाले आणि भाजीचा हात वर धरून थेट नवरीच्या खोलीत पोचले. बराच गोंधळ झाला. काकांचं म्हणणं, "मी बरोबर सांगतलं होतं. त्यायनं तोंडच पूर्वेकडे करून सुरुवात केली, त्याले मी काय करू?"

हा माणूस सात वर्षांपासून आमच्या भागात ओरिएंटियरिंगची स्पर्धा भरवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्याजवळ टांगलेल्या पंचने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. नियम एकच. कोणाला रस्ता विचारायचा नाही. काकांचं ब्रीदवाक्य आहे, "विचारू नको, वाच." मला हे वाक्य इतकं क्रांतिकारी वाटलं की मी त्याच दिवशी स्वयंसेवक झाले. दुसरे स्वयंसेवक सुधाकरभाऊ, झेरॉक्सच्या दुकानाचे मालक. आम्ही दोघंच. बाकीचे सगळे 'नैतिक पाठिंबा' देतात. तो खायच्या कामी येत नाही.

स्वयंसेवकांचे हाल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिला हाल परवानगीचा. आमच्याकडे सरकारी कारभार हिंदीत. अर्ज घेऊन गेलो तर खिडकीतल्या बाबूंनी तो दोनदा वाचला.

"इसमें रास्ता नहीं बताते?"

"नहीं बताते."

"और बच्चे घूमते रहते हैं?"

"हो. हाँ."

त्यांनी विषयाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गुम होने की प्रतियोगिता', आणि शिक्का मारला. मी निषेध नोंदवणार होते. सुधाकरभाऊंनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. "राहू दे न प्रज्ञा. शिक्का तं खरा हाय न?"

दुसरा हाल झेंड्यांचा. जगभर या खेळाचा झेंडा नारिंगी-पांढरा असतो. स्पर्धा असते हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात आमच्याकडची प्रत्येक बाग संत्र्यांनी लगडलेली असते. म्हणजे दहा हजार नारिंगी गोळ्यांमध्ये एक नारिंगी फडकं शोधायचं. मी म्हटलं, काका, निळा करू. काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम. संत्र्यायनं रंग बदलावा." एका वर्षी एक झेंडा सौंसरकडे जाणाऱ्या पायवाटेवरच्या निंबाला बांधला. शनिवार होता. जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालेल्या लोकांनी नारिंगी कापड बघितलं आणि हात जोडले. दुपारपर्यंत तिथं अकरा नारळ. मी संतापून भाषण द्यायला उभी राहिले, तेवढ्यात एका बाईंनी मला प्रसाद दिला. शांतपणे रांगेत उभं राहून त्यांनी पिशवीतल्या जुन्या बसच्या तिकिटाला पंच मारून घेतला होता. ते तिकीट आता त्यांच्या देव्हाऱ्यात आहे असं कळतं.

पण हे सगळं किरकोळ. खरा शत्रू वेगळा आहे. तो म्हणजे आमच्या लोकांचा चांगुलपणा.

आमच्याकडे अनोळखी माणूस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा दिसला की कापूस वेचणारी बाई कमरेची ओटी सोडून येते. "कुठं जाऊन राहिला बापा?" हा प्रश्न नाही, हा कायदा आहे. उत्तर मिळालं की ती नुसता रस्ता सांगत नाही, अर्ध्या वाटेपर्यंत पोचवून देते. रस्ता न दाखवणं म्हणजे पाप. अशा मुलखात काका न विचारण्याची स्पर्धा घेतात! मागच्या वर्षी तर कमाल झाली. नामदेवभाऊ नावाच्या बागायतदारांना आपल्या बागेभोवती कागद उलटसुलट करत फिरणारी पोरं दिसली. त्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि सगळ्या रानातून एकेकाला उचललं. थेट मैदानावर आणून ट्रॉली लावली आणि मला म्हणाले, "घ्या व तुमचे पोट्टे! भटकून राहिले होते बिचारे. सगळे जमा करून आणले. मोजून घ्या."

मी मोजले. बावीस स्पर्धक सोडले होते, तेवीस निघाले. सगळ्यांच्या तोंडात संत्री.

"तुम्ही कोण?" मी तेविसाव्याला विचारलं.

"मी पांढुर्ण्याले जाऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "यायनं बसवलं."

तर असा प्रकार. सात वर्षांत एकही माणूस नऊही झेंडे शोधून आला नाही. बक्षिसाचा पितळी कप काकांकडे तसाच पडून. त्यावर कोरलं आहे, 'नऊही झेंडे, न विचारता'. आठपर्यंत कोणीकोणी जातं. नऊला कोणी नाही. एक ते आठ झेंडे मी आणि सुधाकरभाऊ लावतो, नववा काका स्वतः लावतात आणि दिवसभर तिथंच बसतात. त्यामुळे समारोपाला ते कधीच नसतात. पाहुणे भाषण करतात, आयोजक रानात. मी त्याविरुद्ध एक पानी पत्रक काढलं होतं, 'स्वयंसेवकांना एकटं पाडणाऱ्या नेतृत्वाला जाब'. काकांनी ते पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "यात उत्तर दिशा नाही दाखवली."

संध्याकाळी मैदानावर आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आठवरून पुढं कोणी निंगालं होतं काय?"

"नाही काका."

"बरं," म्हणायचे आणि होकायंत्राची काच शर्टाला पुसत राहायचे. मला वाटायचं, माणूस कडक आहे.

यंदा स्पर्धेच्या आठ दिवस आधी ते सुधाकरभाऊंच्या दुकानात आले आणि म्हणाले, "यंदा नऊवर कोणी नाही आलं तर झेंडे तुह्याकडे जमा करतो. मी थांबतो आता."

झेरॉक्सची मशीन मध्येच थांबल्यासारखं झालं. सुधाकरभाऊ माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे. सात वर्षं आम्ही या माणसाला वैतागलो होतो. आता तो सोडतो म्हणाला तर दोघांनाही ते नको होतं.

मी रात्रंदिवस पत्रकं लिहिली. 'बंधुभगिनींनो, रस्ता दाखवू नका! स्पर्धकाला स्वतःच्या पायांवर चुकू द्या!' घरोघरी वाटली. लोक दुखावले. नामदेवभाऊ म्हणाले, "आम्ही काय इतके खराब हाओ?" तरी शब्द दिला की तोंडातून रस्ता निघणार नाही. आणि खरंच निघाला नाही. स्पर्धेच्या दिवशी बाया-माणसं धुऱ्याधुऱ्यावर तोंड मिटून उभी होती आणि हनुवटीने दिशा दाखवत होती. एक आजोबा तर झेंड्याखाली उभं राहून नुसते खोकत होते. थांबायचं नाव नाही.

अकरा वाजता सुधाकरभाऊ धावत आले. सहा नंबरचा झेंडा गायब. एका घरच्या सुनेला तो पडलेला दिसला, मळला होता म्हणून तिने धुऊन वाळत घातला. वाळला की इस्त्री करून देते म्हणाली. झेंडा नसला की स्पर्धा रद्द करायची की चालू ठेवायची, हे फक्त काका ठरवणार. काकांचा फोन बंद. स्पर्धेच्या दिवशी ते फोन बंदच ठेवतात, कारण फोन म्हणजे विचारणंच झालं.

मी नकाशा उचलला. नऊ नंबरचं वर्तुळ होतं, बाजूला काहीही लिहिलेलं नव्हतं. सात वर्षं हा नकाशा मी वाटला होता. वाचला कधीच नव्हता. हे कबूल करायला लाज वाटते.

होकायंत्र धरून मी आठ नंबरपासून निघाले. पावलं मोजत. तीनशे बारा झाली आणि तुरीच्या शेतातून आवाज आला.

"कुठं जाऊन राहिली व माय?"

एक आजी विळा घेऊन उभी. "आजी, सांगता येत नाही," मी म्हटलं.

"काहून? भांडून निंगाली काय घरून?"

"नाही वो आजी."

"मंग तोंड काहून असं केलं? पाणी पे. कोणाकडे जायाचं हाय?"

'कंपासवाल्यांकडे' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. आजीने एका बोटाने कोडं सोडवलं असतं. मी पाणी प्यायले, आभार मानले आणि गप्प पुढे निघाले. आजी मागून ओरडली, "नवरा चांगला असन तं परत जा!" त्या गडबडीत मी मोजणी विसरले आणि परत आठ नंबरवर जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. आजीने मला दुसऱ्यांदा जाताना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

नाला ओलांडला. पुढे जुनी संत्र्याची झाडं, आणि त्यातल्या एकाला नारिंगी-पांढरा झेंडा. झाडामागे दोन खोल्यांचं कौलारू घर. सारवलेल्या अंगणात बावीस खुर्च्या, प्रत्येक स्पर्धकाला एक. कुठल्या लग्नमंडपातून आणल्या असाव्यात. टेबलावर उपडे ठेवलेले बावीस कप, झाकलेला चिवडा, दोन मोठे थर्मास. आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून, हातात घड्याळ घेऊन काका ताठ बसलेले.

मला बघून ते उठून उभे राहिले. घड्याळाची कळ दाबली. "नऊ. बारा वाजून चाळीस मिनिटं. नाव?"

"काका, मी प्रज्ञा."

"नंबर?"

"काका, सहाचा झेंडा धुवायला गेला."

त्यांनी थोडा विचार केला. "विचारत आली?"

"नाही. एका आजीने खूप आग्रह केला. पण नाही."

"बस," काका म्हणाले. "आंधी चहा घे."

"हे घर कोणाचं?"

"माह्यं. आणखी कोणाचं असन?"

मी बावीस खुर्च्यांकडे बघत राहिले. एक ते आठ झेंडे दरवर्षी जागा बदलतात. नऊ कधीच बदलला नव्हता.

"काका, दरवर्षी इथंच? सात वर्षं?"

ते कपात चहा ओतत होते. थर्मास दोन्ही हातांनी धरला होता. "तुह्यी काकू होती तं दारात माणसांची रांग राहे. मी अंश सांगो आणि ती मागून हळूच सांगे, स्टेशनाच्या मागची पांदण, निंबापाशी वळा. मले वाटे माह्या अंशानं येऊन राहिले." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला, दांडी माझ्याकडे करून. "ती गेल्यावर समजलं."

"मग सांगून टाका ना सरळ रस्ता!"

"सांगतल्यानं आलेला माणूस कामापुरता येते," काका म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा मी तिले एक नकाशा काढून पाठवला होता. सौंसरवरून एकटी आली. कोणालेच नाही विचारलं. दारात उभी राहून म्हणे, तुमचा नाला दहा पावलं चुकला हाय." ते खिशातून होकायंत्र काढून काच पुसू लागले. "खरंच चुकला होता."

माझ्याकडे त्या विषयावर पत्रक नव्हतं.

"साखर कमी असन तं घे," म्हणून त्यांनी पितळी कप पुढे सरकवला. 'नऊही झेंडे, न विचारता' यातच साखर होती. मी म्हटलं, म्हणजे मी जिंकले! काकांनी मान हलवली. "स्वयंसेवकाले बक्षीस नाही. नियम म्हणजे नियम. पण तू आली." मग ते चिवडा माझ्या ताटात वाढत राहिले.

सहा नंबर रद्द करायचं ठरलं. तो निरोप घेऊन मी मैदानावर पोचले तेव्हा नामदेवभाऊंचा ट्रॅक्टर आधीच उभा होता. "एक शब्द नाही बोललो," त्यांनी शपथेवर सांगितलं. "गुमान उचलून बसवले."

झेंडे सुधाकरभाऊंकडे जमा झाले. मी काकांशी दोन तास भांडले आणि आणखी एक वर्ष मिळवलं. अट एकच. काका म्हणाले, "कोणी येणार असन तंच."

म्हणून ही विनंती. येत्या हिवाळ्यात या. सुधाकरभाऊंच्या दुकानातून नकाशा घ्या, काळपट निघाला असेल तर कुरकुर करू नका. ट्रॅक्टर दिसला तर झाडामागे लपा. आजींनी पाणी दिलं तर प्या, पण गप्प राहा. आणि स्पर्धेची वाट बघायची नसेल तर कुठल्याही दुपारी निघा. पत्ता मी सुरुवातीलाच दिला आहे, त्याहून जास्त मागू नका. फक्त नाल्यापाशी दहा पावलं सांभाळा.