मयेकर सरांचं व्हेअरॲज

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की मी तिच्या दारावर कागद चिकटवायचो. एकदा संध्याकाळी पाहतो तर माझ्या कागदाखाली निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य लिहिलेलं. त्याचा अर्थ असा, की लिफ्ट माणसांना वर नेते, व्हेअरॲज सेक्रेटरी ती बंद असल्याचं कळवतो. खाली सही नव्हती. गरजही नव्हती. सबंध पूनम सागर सोसायटीत हा शब्द मिठासारखा सगळ्यात घालणारा माणूस एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचे मयेकर सर.

आता व्हेअरॲज म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आपण म्हणतो ना, नवरा कमावतो तर बायको साठवते, त्यातला तो 'तर'. पण सरांची त्यावर भक्ती होती. "कोण काय करतं एवढंच सांगितलंत तर ती नुसती माहिती," ते म्हणायचे. "शेजारचा काय करतो तेही सांगा, मग माणूस दिसतो. एकट्या वाक्याला अर्थ नाही, सेक्रेटरी."

मी बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसलो होतो आणि बसलेला माणूस दिसला म्हणून सोसायटीनं मला सेक्रेटरी केला होता. त्यामुळे सरांच्या वाक्यांत दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मीच असायचो. पंप पाणी चढवतो, व्हेअरॲज सेक्रेटरी मीटिंग बोलावतो. वॉचमन रात्रभर जागतो, व्हेअरॲज सेक्रेटरी मीटिंगमध्ये झोपतो. हे वाक्य त्यांनी वॉचमन तिवारीला पाठ करायला लावलं, तेव्हा तो बिचारा मलाच विचारायला आला, "साब, इसमें मेरा काम कौन सा वाला है?" मी त्याला गेटवर पाठवला आणि मनातल्या मनात सरांना चार शिव्या हासडल्या.

दारावर कुणीही येवो, सर त्याचं वाक्य केल्याशिवाय सोडायचे नाहीत. मुर्धा गावची मासेवाली फिलोमिना पाटी उतरवून बसली, की सर समोर वाकून सुरू करायचे, "मावशी, युवर हजबंड कॅचेस द फिश, व्हेअरॲज यू सेल द फिश. म्हणा." फिलोमिना कोलंबीवरच्या माशा वारत म्हणायची, "बोलायचं हाय का मावरं घ्यायचं हाय? घ्यायचं न्हाय तर बाजूला हो." सर कोलंबी घ्यायचे, भाव न करता. एकट्या माणसाला लागते त्याच्या दुप्पट घ्यायचे आणि अर्धी आमच्याकडे पाठवायचे.

एकटेच होते ते. फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट म्हणून जन्म काढला, भावाबहिणींना मार्गी लावलं, त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. रिटायर झाल्यावर गिरगावातली खोली भावाला दिली आणि इकडे मीरा रोडला आले. आल्या आल्या दारावर पाटी लावली: 'इंग्लिश स्पीकिंग, फक्त महिलांसाठी, सकाळी'. राहत्या घरात क्लास चालत नाही, हा नियम दाखवायला मी वर गेलो, तर पहिल्या रांगेत माझी बायको बसलेली. मग मी नियम दाखवला नाही.

सरांची शिकवण्याची रीत अशी, की बायकांना गोल बसवायचं आणि एकेकीनं उखाणा घ्यावा तसं वाक्य घ्यायचं. अर्ध्यात नवऱ्याचं काम, अर्ध्यात आपलं. आमच्या बायकांना व्याकरण कळलं नाही, पण हे तत्काळ कळलं. हळदीकुंकवात आयुष्य गेलेलं! कुणी लाजत म्हणायची, "माय हजबंड ड्राइव्ज अ टॅक्सी, व्हेअरॲज आय ड्राइव्ह माय हजबंड." की टाळ्या, हशा, 'परत घे, परत घे'. माझ्या बायकोनं माझ्यावर काय वाक्य घेतलं ते मी इथे लिहिणार नाही. एखादी धीट बाई सरांना म्हणायची, "सर, आता तुम्ही घ्या." सर खडू वर धरून सांगायचे, "विद्यार्थी वाक्य घेतात, व्हेअरॲज मास्तर चुका काढतो. चला, नेक्स्ट."

या क्लासात तळमजल्यावरची शीला आली. ती कुरिअरच्या ऑफिसात दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत काउंटरवर असायची. तिची लेक ऋतुजा तिथेच पार्सलांच्या मागे बसून चित्रं काढायची. नवरा निघून गेला होता. कुठे, ते कुणी तिला विचारत नव्हतं, कारण सरांखेरीज सगळ्यांना माहीत होतं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे, पण नाव घ्यायची वेळ आली की पुढचीकडे वळायचे. तिला इंग्रजी हवं होतं ते एका कारणासाठी. ऋतुजाला स्टेशनकडच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि त्या वेळी आमच्याकडे ॲडमिशनला आधी पालकांची मुलाखत व्हायची, तीही इंग्रजीत. पोर हुशार होती. अडलं होतं ते आईपाशी.

पहिल्याच दिवशी फिरत फिरत पाळी शीलावर आली. सर म्हणाले, "हं, यू. माय हजबंड…" आणि खडू तिच्याकडे रोखून उभे राहिले. शीला वहीकडे बघत राहिली. एरवी पुढचीकडे वळायला तयार असलेल्या बायका त्या दिवशी सगळ्या सतरंजीकडे बघत होत्या. सरांना वाटलं, ही वाक्य विसरली. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, "माय हजबंड…" शीला उठली, चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सर आमच्याकडे विचारायला आले. माझ्या बायकोनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, "सर, तुमच्या वाक्याला दोन माणसं लागतात. तिच्याकडे एकच आहे."

सर उठले. चहा तसाच राहिला. मला त्यांची दया आली, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडायला खाली उतरलो, तर सर हातात लिहायची पाटी घेऊन शीलाच्या दारात उभे. "तुझं वाक्य मी चुकीचं दिलं," ते म्हणाले. "नवीन आणलंय. दोन्हीकडे तूच. इन द मॉर्निंग आय कुक, व्हेअरॲज इन द आफ्टरनून आय वर्क."

"सर, मला वाक्यं नकोत," शीला म्हणाली. "मला ॲडमिशन पाहिजे. ऋतुजाला त्या शाळेत घालायचीच आहे मला."

"घालायचीच!" सर म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी जिन्यात शाळा. शीला एका हातानं बादली भरतेय, दुसऱ्या हातानं ऋतुजाची वेणी, आणि सर पायरीवर उभे राहून प्रिन्सिपल झालेत. व्हॉट इज युवर जॉब? व्हाय अवर स्कूल? चुकली की "अगेन." ऋतुजा ऐकता ऐकता आईच्या आधी उत्तरं द्यायला लागली. लोकांनी माझ्याकडे तक्रार केली की जिना अडतो. मी म्हटलं, लेखी द्या. कुणी दिली नाही.

मुलाखतीला सर सोबत गेले, ठेवणीतला कोट घालून. तिथे काय झालं ते शीलानं परत आल्यावर मला जिन्यातच सांगितलं. पाठ केलेली सगळी उत्तरं तिनं खणखणीत दिली. मग प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, शाळा दुपारी साडेबाराला सुटते आणि तुम्ही तर बारापासून कामावर, मग मुलीला न्यायला कोण येणार? आम्ही तिला रिक्षात एकटी सोडत नाही. हा प्रश्न जिन्यात कुणाला सुचलाच नव्हता. सगळं तिथेच संपलं असं शीलाला वाटलं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून सर उभे राहिले. इंग्रजी ते उभं राहिल्याशिवाय बोलत नसत. "मॅडम, द मदर गोज टू वर्क, व्हेअरॲज आय विल ब्रिंग द चाइल्ड होम."

"अँड यू आर?" बाईंनी विचारलं.

सबंध सोसायटीला वाक्यं वाटणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक सुचेना. त्यांनी कोटाचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी ऋतुजाच म्हणाली, "हे आमचे सर आहेत. आमच्या वरती राहतात." बाई हसल्या. ॲडमिशन झालं.

वेळ मारून न्यायला सर बोलले असतील, असं मला वाटलं होतं. पण शाळा सुरू झाली त्या दिवसापासून सर छत्री घेऊन गेटवर हजर. ऊन असो, पाऊस असो. पोरीला आणायची, वरण-भात भरवायचा, तिच्या चित्रांना मान डोलवायची, आणि संध्याकाळी शीला आली की तिच्या हवाली करायची. फिलोमिनाची अर्धी कोलंबी आमच्याकडे यायची बंद झाली. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शीला पुन्हा क्लासात जायला लागली. एकदा गच्चीच्या चाव्या द्यायला मी वर गेलो होतो, तेव्हा वाक्यं चालली होती. तिची पाळी संपली आणि टाळ्या थांबता थांबता तीच म्हणाली, "सर, आता तुम्ही घ्या." सगळ्या बायका ओरडल्या, "घ्या, सर, घ्या!"

सरांनी नेहमीसारखा खडू वर धरला. मला वाटलं, आता चुका काढणारा मास्तर येणार. पण खडू खाली आला. सर उभेच होते, तरी एकदा कोट नीट करावा तसा त्यांनी सदरा खाली ओढला.

"ऋतुजा स्टडीज इन द स्कूल," ते हळू म्हणाले, "व्हेअरॲज आय… आय वेट ॲट द गेट."

नाव घेतल्यावर आमच्या बायका टाळ्या वाजवतात. त्या दिवशी कुणी वाजवल्या नाहीत. माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला, आणि मी उगाच चाव्या मोजत उभा राहिलो.

सर फळा पुसत होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खुंटीवरची छत्री काढली. "क्लास सुटला," म्हणाले.

"सर, आत्ता कुठे साडेअकरा वाजतायत," मी म्हटलं. "शाळा सुटते साडेबाराला, आणि आहे इथे दहा मिनिटांवर."

"माहीत आहे," सर चपला शोधत म्हणाले. "पण लवकर सोडली तर?"