एक्केचाळीस फ्रेमा

खरा कवी एकच कविता दोनदा लिहीत नाही, असं आल्फोन्स विंगर्टर हिंटरबाख या जर्मन खेड्याच्या शाळेत दरवर्षी मुलांना सांगत असे. ते अक्षरशः खरं होतं. त्याने ती गावच्या बोलीत एकदाच लिहिली होती, खाटीक ऑयगेनच्या वडिलांच्या साठीला. पुढची चाळीस वर्षं गावात कुणाचीही साठी-सत्तरी आली, की तो नाव आणि वय बदलून, आपल्या वळणदार अक्षरात तीच उतरवून देई. लोक ती फ्रेम करून सोफ्यामागच्या भिंतीवर टांगत.

आज त्याला स्वतःला पंच्याहत्तर पूर्ण झाली होती. दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जिल्हाप्रमुख त्याला बोलीच्या सेवेबद्दल पदक देणार होते. सकाळी गायन मंडळाची रोझविटा आलुबुखाराचा केक घेऊन आली.

"सांगायचं नव्हतं, पण राहवत नाही. तू दिलेल्या कवितांच्या सगळ्या फ्रेमा गोळा केल्यात. एक्केचाळीस! हॉलच्या भिंतीवर ओळीनं लावल्यात."

आल्फोन्सच्या हातातला केक तिरका झाला. "त्या भिंतीला ओल आहे."

"मागच्याच वर्षी रंग दिलाय."

"मग रंग खराब होईल."

"किती रे लाजतोस!" म्हणून ती गेली.

"हेडी," तो बायकोला म्हणाला, "माझी अब्रू चालली."

"मग निदान चांगला कोट घाल. आणि येताना ब्रेड आण."

हॉलमध्ये फ्रेमांवर नाटकाचा जुना पडदा सोडला होता. जिल्हाप्रमुखांनी दोरीला हात घातला. आल्फोन्सकडे एकच उपाय उरला. याच हॉलच्या रंगमंचावर तो तीस हिवाळे गावच्या नाटकात तिसऱ्या अंकात मरत आला होता. त्याने छाती धरली, "हाय!" म्हणाला आणि कोसळला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तिसरा अंक!" ऑयगेन ओरडला. "पण लेका, तिथं तू कपाट धरून पडतोस!"

"डॉक्टर..." आल्फोन्स कण्हला.

"डॉक्टर चौथ्या अंकात येतो."

तीस वर्षं आडोशाला बसून त्याला वाक्यं पुरवणाऱ्या रोझविटाने सवयीने पुढचं वाक्य पुटपुटलं. तेवढ्यात पडदा गळून पडला आणि सगळ्या फ्रेमा उघड्या झाल्या.

जिल्हाप्रमुखांनी पहिली फ्रेम वाचली, दुसरी वाचली, एकदम नवव्या फ्रेमेशी गेले. "ही... सगळीकडे एकच आहे?"

"मग काय तर!" ऑयगेन म्हणाला. "एकाला झकास आणि दुसऱ्याला बरी मिळाली असती, तर गावात डोकी फुटली असती."

जमिनीवर आल्फोन्सने एक डोळा उघडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, एकमेकांकडे कॉफीला जातो आम्ही. समोर भिंतच असते."

आल्फोन्स उठला, गुडघे झटकले, पदक लावून घेतलं. मान ताठ झाल्यावर त्याला आठवलं. "सगळ्या एक नाहीत हं. या इर्मट्राउडबाईंना सत्तरीला वेगळी दिली होती. तीन आठवडे खपलो होतो मी!"

इर्मट्राउडबाईंच्या नावाची फ्रेम सापडली. तीत तीच कविता होती. रोझविटा बुटांकडे बघू लागली.

"त्या रडायला लागल्या रे. म्हणे सगळ्यांना खरी दिली, मलाच का नाही? मग मीच तुझं अक्षर गिरवून उतरवून दिली."

"आणि माझी?"

"फेकली नाही हो!" इर्मट्राउडबाई घाईने म्हणाल्या.

ती त्यांच्या तळघरात विजेच्या मीटरवर झाकण म्हणून टांगलेली होती. मापात बसली होती.