एकेचाळिसाव्या दिवसाचा घास

मी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! आमच्या नांदेडच्या कचेरीत कुणालाही विचारा. तीन अहलकारांनी, म्हणजे माझ्यासारख्याच कारकुनांनी, हात जोडून परत केलेली कागदपत्रांची मिसल या रेणुकादासानं एका बैठकीत सुवाच्य उर्दूत उतरवून साहेबांच्या मेजावर ठेवलेली आहे. असा माणूस स्वतःच्या तोंडाला वळण लावू शकणार नाही? वा!

वळण लावायची वेळ आली होती हे मात्र खरं. सकाळी कचेरीसमोर भजी, अकराला चहा, दुपारी डब्यातल्या पुऱ्या, तीनला सकाळची उरलेली भजी. संध्याकाळी घशाशी जळजळ आणि कपाळात ठणका! घरी कुणी "बरं आहे ना?" म्हटलं तरी मी अंगावर जायचो. पस्तिसाव्या वर्षी शेरवानीची खालची तीन बटणं लागेनाशी झाली होती. जगण्यात काही रामच उरला नव्हता.

अशात कामासाठी लातूरला गेलो आणि तिथल्या धान्यबाजारातले, गंजातले, गुरुबसप्पा अडते भेटले. वय सत्तरच्या पुढं, पण पाठ ताठ, डोळे लख्ख, चेहऱ्यावर समाधान. त्यांनी मला जेवायला बसवलं. एक भाकरी, वरण, काकडी, संपलं! आणि गृहस्थ एकेक घास चावतात, चावतात, चावतच राहतात. त्यांची भाकरी अर्धी व्हायच्या आत मी तीन संपवून ढेकर दिला.

हात धुतल्यावर ते म्हणाले, "रावसाहेब, तुम्ही जेवत न्हाई, पोतं भरून राहिलात. एक घास, बत्तीस डाव चावा. मधी बोलायचं न्हाई, मोजायचं. तळलेलं बंद, गोड बंद. एकेचाळीस दिवस करा, मग बघा जिवाला कसं लई हलकं वाटतं ते!"

"आणि मधे एखाद्या दिवशी चुकलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासनं!"

मी तिथल्या तिथं शब्द दिला. घरी येऊन बायकोला, प्रेमलाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वरण बत्तीस वेळा चावणार? त्यात चावायला हाय काय?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. भात सातव्या चावण्यालाच नाहीसा होतो, उरलेले पंचवीस डाव हवा चावावी लागते. पण मी चावली! डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजायचो. आणि काय सांगू, तीन आठवड्यांत जळजळ गेली! शेरवानीचं एक बटण लागलं. सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाऊ लागलो. संध्याकाळी प्रेमलाशी दोन गोष्टी बोलू लागलो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि ती इतकी छान नकला करते हे मला ठाऊकच नव्हतं! दोडक्याला स्वतःची चव असते हेही तेव्हाच कळलं.

आणि एकेचाळिसावा दिवस आला तो नेमका माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या, लग्नाचा!

वसंताला मीच वाढवलेलं. मुलगी अहमदपूरच्या माधवराव मास्तरांची थोरली, इंदू. मास्तरांना तीन मुली. बैठकीत मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "हुंडा नको, मानपान नको. मुलगी आणि नारळ!" मास्तरांचे डोळे भरून आले होते. वसंतानं माझे पाय धरले होते. माझ्या त्या शब्दाचं नांदेडात फार कौतुक झालं, आणि सगळ्यात जास्त मीच केलं. अहो, कारकुनाजवळ दुसरं असतं काय? तेवढं एक नाव.

त्या बैठकीच्या दिवशी मास्तरांच्या अंगणात एक तांबूस गाय बांधलेली होती. मास्तर म्हणाले, "ही कपिली. इंदूनं वासरापासून वाढवली. ती सासरी गेली की ही चार दिवस चाऱ्याला तोंड लावायची न्हाई."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. दुपार कलल्यावर मांडवात वरपक्षाची पंगत बसली. नवरा उपाशी, कन्यादान करायचं म्हणून मास्तरही उपाशी. मी पंगतीच्या टोकाला, मानाच्या पाटावर. आमचे भटजी माझ्या शेजारी. श्लोक झाले, आणि मी पहिला घास तोंडात घातला. एक, दोन, तीन...

आता पंगतीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मधेच कुणी उठायचं नाही, आणि वरपक्षाच्या वडीलधाऱ्यानं शेवटचं पाणी घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. ती मलाही ठाऊक होती. पण वडीलधारा म्हणजे मी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

अर्ध्या तासात साठ माणसं जेवून मोकळी झाली. माझा वरणभात अजून निम्मा होता. लाडू, पुरी, भजी मी पानाच्या कडेला सारून ठेवलेली. वाढप्यानं विचारलं, "रावसाहेब, लाडू?" मी मान हलवली. "मग जिलबी?" मान हलवली. "भात तरी?" तोंड उघडावं तर एकेचाळीस दिवस पाण्यात! मी पानावर आडवा हात धरला. त्यानं तो संकोच समजून बाजूला केला आणि डोंगराएवढा भात वाढला. भाताचं शीतही पानात टाकायचं नाही हा आमच्या घरचा नेम. म्हणजे आणखी चाळीस घास!

भटजी पाय चोळत कुजबुजले, "रेणुकादासराव, आटपा की! माझ्या पायाला मुंग्या आल्या."

मी डोळ्यांनीच धीर दिला. अठरा, एकोणीस, वीस...

पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "गोडाला हात न्हाई लावला. एक शब्द बोलून न्हाई राहिले. रुसले का काय?"

झालं! वणव्याला एक ठिणगी पुरते. व्याही रुसले, व्याही रुसले, असं मांडवभर झालं. मास्तर धावत आले. धोतराचा सोगा हातात, तोंड सुकलेलं.

"रेणुकादासराव, काही चुकलं का आमचं?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही! पण घास तोंडात, गाल फुगलेले, भुवया वर. तशा चेहऱ्यानं हलवलेली मान 'नाही' म्हणते की 'मला काही सांगू नका' म्हणते, हे कुणी ओळखावं? त्यात डाव्या हाताचा अंगठा पेरांवर चाललेला!

भटजींनी ते पाहिलं आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "मानपान मोजून राहिलेत. काय काय राहिलं ते!"

मास्तर घरात गेले आणि जरीकाठी उपरणं घेऊन आले. माझ्या खांद्यावर घातलं. मी डाव्या हातानं काढून बाजूला ठेवलं. सगळ्यांचे श्वास अडकले. मास्तर पुन्हा आत गेले. या वेळी आजोबांच्या वेळची चांदीची वाटी आणली आणि माझ्या पानाजवळ ठेवली. मी ती बोटानं परत सरकवली.

"वाटीनं भागत न्हाई," कुणीतरी म्हणालं.

माझ्या कपाळावर घाम! बोलावं का? पण हा शेवटचा दिवस, फक्त एवढं पान संपवायचं! एवढं झालं की उठून मास्तरांना मिठीच मारतो, सगळं समजावून सांगतो, असं मी मनाशी पक्कं केलं. आणि भराभर चावू लागलो. लांबून पाहणाऱ्याला ते दातओठ खाणं दिसलं असणार.

तेवढ्यात माजघराच्या दारातून प्रेमलाचा आवाज आला. ती एकटीच खरं जाणत होती.

"अहो, ते रुसले न्हाईत! ते चावून राहिलेत! एक घास बत्तीस वेळा चावतात ते!"

 मांडवात हळूहळू हसू फुटलं. एक म्हातारी म्हणाली, "बाई गुणाची हाय हो. नवऱ्याचं कसं सावरून घेऊन राहिली!"

पलीकडं जानवसघरात वसंता उपाशीपोटी मुंडावळ्या बांधून बसला होता. त्याचा निरोप आला, "दादाला म्हणावं, माझ्या जिवाशी खेळू नको." निरोप आणणाऱ्याला मी हातानंच 'आलोच' असं केलं. घास मात्र तोंडातच होता.

भटजींनी उन्हाकडं पाहिलं. "मुहूर्ताला दोन घटका राहिल्या. गेला की पुढचा मुहूर्त सव्वा महिन्यानं!"

मास्तर माझ्यासमोर उकिडवे बसले. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही असा तो माणूस, आणि तो माझ्यापुढं हात जोडून होता. "रेणुकादासराव, मुलगी आणि नारळ म्हणाला होतात तुम्ही. मी शाळेतल्या पोरांना तुमचं नाव सांगितलं होतं. असू द्या. माझ्याजवळ आता एकच राहिलंय."

ते उठले, अंगणात गेले, आणि कपिलीला दाव्यानं धरून मांडवात घेऊन आले.

मला कसंसंच झालं. अरे, ही गाय? त्या पोरीची? मुळीच नाही! मी ताडकन उठलो. तेविसाव्या चावण्यावर!

मी उठलो तशी साठ माणसं उठली. माजघरात बायकांनी एकदम गलका केला, "अगं बाई, ताटावरून उठले! व्याही भरल्या ताटावरून उठले!"

यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडं नाही. मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होतो! पण घास घशात अडकला आणि अशी उचकी लागली की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. शब्द फुटेना. मग हातानं करता येईल ते केलं. धावत गेलो, मास्तरांच्या हातातलं दावं ओढून घेतलं आणि गायीला परत अंगणाकडं वळवू लागलो.

"घेतली! घेतली!" मांडव ओरडला.

वाजंत्री सुरू झाली. भटजींना तर उभं राहायला मिळाल्याचाच आनंद! त्यांनी तांब्या उचलला, माझ्या हातावर पाणी सोडलं आणि संकल्प म्हणून टाकला. गोदान झालं. दान परत करायचं नसतं. मी उचक्या देत गायीचं दावं धरून उभा, आणि लोक मला नमस्कार करत होते!

लग्न मुहूर्तावर लागलं. उचकी थांबल्यावर मी मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. "मास्तर, देवाशपथ, मी चावत होतो!"

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. "असू द्या," म्हणाले, "मुलीचा बाप आहे मी, मला सगळं कळतं." आणि माझ्याकडं न बघता पानसुपारीचं तबक पुढं केलं. तेवढं मला फार लागलं.

वसंता मोटारीत बसताना एवढंच म्हणाला, "दादा, मागायचंच होतं तर आधी मला सांगायचं होतं." वऱ्हाड मोटारीनं गेलं. मोटारीत गायीला जागा नव्हती, म्हणून मी गायीबरोबर पायी निघालो. तीन दिवस! लोह्याला पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली होती. पारावर बसलेला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "ते बघ, रुसव्याची गाय!"

महिन्यानं गुरुबसप्पा नांदेडला आले. मी सगळं ऐकवलं आणि विचारलं, "आता सांगा, माझं काय चुकलं?"

ते खदखदून हसले. आजवर मी त्यांना ओठ मिटूनच हसताना पाहिलं होतं. त्या दिवशी तोंड पुरतं उघडलं. आत चार दात!

"अहो, मला बत्तीस डाव केल्याबिगर घास उतरतच न्हाई! तुमचे सगळे हायत की! आन लोकाच्या पंगतीत कोण मोजतं? तिथं गिळायचं आन उठायचं!"

त्या दिवसापासून मी गिळतो. जळजळ परत आली आहे. लागलेलं बटण पुन्हा सुटलं. घाटावर जाणं बंद, कारण वाटेत लोक गाय कशी आहे ते विचारतात. प्रेमला नकला करते, पण आता माझ्याच करते. कचेरीत कुणी कामासाठी आलं की शिपाई त्याला बाहेरच सांगतो, "यांना आधी काहीतरी द्या, मग ते बोलतात." उभ्या आयुष्यात कुणाकडून सुपारीचं खांडही न घेतलेला माणूस मी!

परवा सकाळी ओसरीवर असाच डोकं धरून बसलो होतो. इंदू दुधाचा पेला घेऊन आली. घरात आल्यापासून ती माझ्यासमोर मान वर करून बोललेली नाही. पेला ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"भावजी, दूध. हे चावायचं नसतं."

मी दचकून पाहिलं. "तुला ठाऊक आहे?"

"हाव. वहिनी दारात बोलल्या तेव्हा मी मागंच होते. सगळ्या हसल्या, पण मी फटीतून बघून मोजत राहिले. दर घासाला बत्तीसच भरत होते तुमचे."

माझ्या अंगावर काटा आला! सबंध मांडवात एका जिवानं माझ्यावर विश्वास ठेवला होता! 

"अगं पोरी, मग बापाला का नाही सांगितलंस? एक शब्द बोलली असतीस तर माझं नाव राहिलं असतं!"

इंदूनं पदर सावरला. अंगणात कपिली बसली होती, तिच्याकडं पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाली, "बोलले असते तर ही इथं आली असती का?"

मी दूध प्यालो. एका घोटात. समोर कपिली डोळे मिटून सावकाश रवंथ करत होती. उगाच बोटं पेरांवर गेली. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, तिचं आपलं चालूच. तिला मात्र कुणी विचारत नाही, बाई, रुसलीस का म्हणून!