जांभळा टॉर्च

"गजकर्ण!" प्रतापराव दारातूनच कडाडले. "तरी पहिलंच बोललो होतो मी, नक्को हे जनावर. सूनबाई, माझ्या खोलीत तिचा एक केस बी दिसला, तर संध्याकाळच्या आत ती घराबाहेर!"

ती म्हणजे बेगम, त्रिवेणीचं तीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू. कानामागे रुपयाएवढा चट्टा पडला होता. सासऱ्यांपुढे बोलायची त्रिवेणीची छाती नव्हती. पण बेगमला सोडायचीही तिची तयारी नव्हती. कोठी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं आणि एक जांभळा टॉर्चही. "अंधेरा करके मारो अम्मा. बीमारी के बाल हरे चमकते. जिधर चमके, उधर साफ करना."

सुट्टीच्या दिवशी भरदुपारी त्रिवेणीने पडदे ओढले आणि रोजचं घर एकदम परकं वाटायला लागलं. बेगमचा कान हिरवागार पेटला. मग सोफ्यावर एक हिरवा केस दिसला. पुढे पायपुसण्यावर दोन. केसांची ती वाट सरळ सासऱ्यांच्या दाराकडे चालली होती.

"देवा, आत नको," असं पुटपुटत, सासरे बाहेर गेले असतील या समजुतीने तिने दार लोटलं. आतही पडदे ओढलेले होते, मिट्ट काळोख होता. चादरीवर हिरवे केस. उशीवर हिरवे केस. आणि उशीच्या जरा वर, अधांतरी, एक हिरवी मिशी.

मिशी हलली. "कोण हाय?"

त्रिवेणी किंचाळली. मिशी ताडकन उठून बसली आणि दिवा लागला.

"मामंजी, तुम्हालाही गजकर्ण?"

"थंडी वाजती तिला," प्रतापराव भिंतीकडे बघत म्हणाले. "तू ऑफिसला गेलीस की मीच आणतो. गळ्याशी झोपती बिचारी."

त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मिशी उतरवायला सांगितली. प्रतापराव हेडमास्तर असताना ज्या मिशीला अख्खी शाळा टरकून असायची, ती मिशी! त्रिवेणीला वाटलं, आता बेगमचं काही खरं नाही.

"मिशी जाऊ दे," प्रतापराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पोरगी कुठं जाणार नै."

ते सुलतान बाजारातल्या न्हाव्याकडून आले, ते तडक बेगमपाशी. बेगमने त्या गुळगुळीत, साबणाचा वास मारणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, शेपूट फुलवली आणि ती कपाटाखाली पसार झाली.

"अगं मी! मीच हाय ना!" प्रतापराव फरशीवर ओणवे होऊन काकुळतीला आले.

कपाटाखालून फक्त फिस्कारणं ऐकू येत होतं.