काझी सरांकडची चोरी

काझी सरांच्या घरी पाहुणा म्हणून गेलात आणि पेल्यात अर्धं पाणी ठेवलंत, तर तुमची सुटका नव्हती. सर तो पेला उचलायचे, तुमच्यासमोर उभे राहायचे आणि अगदी अदबीने विचारायचे, "हे कोणत्या झाडाला देऊ?"

माझ्यावर ही वेळ पहिल्याच दिवशी आली. नंदुरबारला तेव्हा नुकतंच कॉलेज निघालं होतं. मी सारंगखेड्याहून तिथे मराठी शिकवायला आलो होतो, काझी सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि मगनभाई नावाच्या एकाच घरमालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही राहायचो. ओळख करून घ्यायला म्हणून गेलो आणि अर्धा पेला पाणी ठेवून बसलो.

"कडुनिंबाला द्या," मी घाईघाईने म्हणालो.

"त्याचं सकाळी झालं. दुसरं नाव सांगा."

मी शेतकऱ्याचा मुलगा, पण ऐन वेळी जगातली सगळी झाडं डोक्यातून पळून गेली. शेवटी ते पाणी मी गटागटा पिऊन टाकलं.

"हे सगळ्यात उत्तम," सर म्हणाले आणि प्रथमच बसले.

सर उंच, किडकिडीत. दाढी बारीक कातरलेली, डोक्यावर काळी टोपी. वडील जंगलखात्यात कारकून होते, त्यामुळे लहानपण धडगावला सातपुड्यात गेलेलं. वर्गात पुस्तकी मराठी, घरात उर्दू, बाजारात अहिराणी आणि डोंगरातून आलेल्या माणसांशी मोडकीतोडकी पावरी, असा चार भाषांत त्यांचा संसार होता. पण चारही भाषांत त्यांचं पालुपद एकच. आपण इथे भाडेकरू. मालक विचारील.

विहिरीवर कुणी बादली सांडली, मालक विचारील. पोरांनी चिंचेचा पाला उगाच ओरबाडला, मालक विचारील. एकदा मगनभाईंना गाडीसाठी छप्पर घालायचं होतं, म्हणून त्यांनी मागच्या भिंतीजवळची बोर तोडायचं ठरवलं. सर म्हणाले, "मगनभाई, तोडू नका. मालक विचारील."

"अरे, मालक तर मीच ना? मी कशाला विचारू?"

सरांनी बोट वर केलं. मगनभाईंनी मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "कौलं तर गेल्याच वर्षी शाकारली की, सर!"

बोर वाचली, हे मात्र खरं. मगनभाईंनी छप्पर पुढच्या अंगाला घातलं.

नमाजाआधी हातपाय धुतात त्याला वुजू म्हणतात. सर वुजू करायचे ते एका लहान तांब्यात, आणि ते सांडलेलं पाणी चर काढून मागच्या केळींना सोडलेलं. केळी अशी माजली होती की मगनभाई, ज्यांची तापीकाठी केळीची बागायत होती, तेसुद्धा बघून जायचे. सरांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणायच्या, "क्यों नहीं आएगी? पाँच टाइम वुजू का पानी पीती है. इस मोहल्ले में मेरी केलीच सबसे पाक है." माझी आई सोवळ्याओवळ्याची कडक. ती राहायला आली तेव्हा भाभींनी घड पाठवला. आईने तो दोन दिवस नुसता बघितला. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर चार सालं कोपऱ्यात. "काय गोड शे रे भाऊ हाई केयं!" म्हणाली, आणि लगेच, "सालं फेकू नको. त्या मास्तर झाडले टाकतस."

भाभींचा स्वतःचा मात्र या सगळ्याला वैताग होता. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला, डाळ धुतलेलं जास्वंदीला. "मेरे को चाय का पूछते नहीं, झाड को पूछते हैं," ही त्यांची रोजची तक्रार. दोन मुली होत्या. एक बऱ्हाणपूरला दिली होती, एक मालेगावला. घरात दोघंच. म्हणून भाभी तक्रारही मोठ्याने करायच्या. तेवढाच घराला आवाज.

एकदा मी सरांना विचारलं, "झाडावर एवढा जीव का?"

म्हणाले, "पाटील, मी दिवसातून पाच वेळा मालकाचं नाव घेतो, त्यातही मध्येच मन भटकतं. झाड जिवंत असेपर्यंत अखंड घेत असतं. नाव घेणाऱ्याला मध्येच कसं तोडायचं?"

आता होळीचं सांगतो.

आमच्या गल्लीतली पोरं होळीसाठी लाकडं चोरायची. तो त्यांचा हक्कच. पण एका वर्षी त्यांनी रस्त्याकडेचा कोवळा शिरीष तोडून आणला. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. वर्षभर कॉलेजला जाता-येता ते पडलेल्या वाळक्या फांद्या गोळा करू लागले. प्राध्यापक महाशय काखेत मोळी घेऊन कॉलेजच्या फाटकातून आत येताहेत, हे दृश्य पाहून विद्यार्थी हसायचे. पण तास घ्यायला ते कधी एक मिनिट उशिरा आले नाहीत, त्यामुळे प्राचार्यांनाही बोलता येईना. फाल्गुन उजाडेपर्यंत बोरीखाली माणसाच्या उंचीचा ढीग झाला. सरांनी पोरांना बोलावलं. "घेऊन जा. ओलं झाड तोडायचं नाही."

पोरांची तोंडं पडली. एकजण धीर करून म्हणाला, "सर, तुम्हीच दी दिधं, ते मंग चोरी कसानी?"

हा मुद्दा सरांना तात्काळ पटला. वाटाघाटी झाल्या. ठरलं असं की होळीच्या दुपारी सरांनी अंगणातल्या खाटेवर झोपायचं, पोरांनी मागच्या भिंतीवरून यायचं, आणि सरांनी जागं होऊन शिव्या द्यायच्या. शिव्यांशिवाय चोरीला मजा नाही.

पहिल्या वर्षी पोरं आली, ढिगाला हात घातला, सर ताडकन उठले आणि ओरडले, "अरे चोरांनो! अल्ला तुमचं भलं करो!"

पोरांनी लाकडं खाली ठेवली. "सर, असं नही ना!"

सर खूप विचारात पडले. मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि शास्त्र मदतीला धावलं. "बांडगुळांनो! अमरवेलींनो! परोपजीवी कुठले!"

पोरं खूश. उरलेली कसर आतून भाभींनी भरून काढली. त्यांचा शब्दसंग्रह वनस्पतिशास्त्रापुरता मर्यादित नव्हता. पुढे पुढे पोरं खरं म्हणजे भाभींच्याच शिव्या ऐकायला यायची, आणि जाताना त्यांच्याकडून खजूर घेऊन जायची. चारपाच वर्षं हा सोहळा व्यवस्थित चालला.

मग एका वर्षी होळीच्या आदल्या दिवशी गल्लीतले वडीलधारे नाना सरांकडे आले. मी तिथेच होतो. नाना मनाने चांगले. म्हणाले, "सर, यंदा वखारीतून गाडीभर लाकूड आणलंय. पोरांना ताकीद दिली आहे, तुमच्याकडे यायचं नाही. तुमचा ना सण, ना काही. दरवर्षी तुम्हाला कशाला त्रास?"

"बरोबर आहे, नाना," सर म्हणाले.

नाना गेले. त्यांच्या पेल्यात निम्म्याहून जास्त पाणी होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या आठवड्यात भाभींचे थोरले भाऊ हमीदभाई सुरतेहून आलेले. त्यांची तिकडे लाकडाची मोठी वखार. झाडाला जीव लावणाऱ्याला वखारवाला मेव्हणा! हमीदभाईंना हा होळीचा प्रकार कधीच पसंत नव्हता. ते म्हणाले, "अच्छा हुआ. अपने घर की लकडी होली में क्यूँ जाए?"

"आणि तुमच्या वखारीतली कुठे जाते, हमीदभाई?"

"वो धंदा है," हमीदभाई म्हणाले आणि पान लावायला लागले.

होळीच्या दिवशी दुपारी मी माझ्या ओट्यावर पेपर तपासत बसलो होतो. पाहतो तर सरांनी खाट अंगणात काढली, टोपी उशाशी ठेवली आणि आडवे झाले. हमीदभाई आतून काही बोलायला आले, तर म्हणाले, "हळू. मी झोपलोय."

"कोई आनेवाला नहीं, भाईजान."

"मी कुठे म्हणतो येणार आहे? मी झोपलोय."

उन्हं कलली. गल्लीच्या टोकाला नानांची गाडी उतरत होती, त्याचा धडधड आवाज यायचा. भाभी दारात येऊन भिंतीकडे बघून आत जायच्या. तिसऱ्या प्रहरची, असरची बांग झाली. सर उठले, वुजू केला, नमाज पढले आणि पुन्हा येऊन झोपले. हमीदभाई कंटाळून मागे गेले, आपली काठी ढिगाला टेकवून ठेवली आणि आत जाऊन घोरू लागले. माझा एकही पेपर पुढे सरकला नाही.

तेवढ्यात भिंतीवर एक डोकं दिसलं. मग दुसरं. पाच-सहा पोरं अलगद उतरली. दरवर्षी ती हसत-खिदळत यायची. आज एकाच्याही तोंडून शब्द नाही. एकाचा सदरा बोरीच्या काट्यात अडकला, तो "आय वं!" म्हणाला, तर बाकीच्यांनी त्याचं तोंड दाबलं. आज त्यांना खरंच चोरी करायची होती. नानांपासूनही आणि सरांपासूनही.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे लहान मुलासारखे घट्ट मिटले होते. हाताने खाटेची दोरी धरली होती. डोळ्याच्या कडेतून पाण्याची एक धार कानाकडे चालली होती आणि ते ती पुसत नव्हते. दारात भाभी उभ्या. तोंडात पदराचा बोळा. एकही शिवी नाही.

ढीग भिंतीपलीकडे गेला. शेवटची काटकी गेली. आणि मग घरातून गर्जना झाली, "मेरी लकडी! मेरी लकडी किधर गई?"

हमीदभाई अस्सल सुरती शिव्या देत बाहेर आले. ढिगाबरोबर त्यांची काठीही गेली होती. सर दचकून उठल्यासारखे उठले, टोपी घातली, मागे जाऊन मोकळी जागा पाहिली आणि ओरडले, "जुबेदा! चोरी झाली! अगं, खरी चोरी झाली!"

"तो हँसते क्या हो?" भाभी म्हणाल्या. त्याही हसत होत्या.

दिवेलागणीला एक पोरगा दबकत आला. हातात काठी. "मामू, हाई तुम्हनी. आमले लाकूड वाटनं."

"नानांनी तुम्हाला मना केलं होतं ना?" मी दरडावलं.

"करेल व्हतं," तो म्हणाला. "पन सरना घर चोरी नही कयी, ते होयीना सण कसाना?"

हमीदभाईंनी काठी घेतली. मग खिशातून सुरतेची मिठाईची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

मागोमाग नाना आले, ओशाळलेले. "सर, माफ करा. पोरांनी माझं ऐकलं नाही."

"नाना, हे बरं नाही," सर शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले. "गल्लीतल्या पोरांना कुणाचा धाकच राहिला नाही. हे कधीच बरं नाही." पण त्यांचा चेहरा पार फुलला होता. भाभींनी त्यांना बसवून पोटभर सरबत पाजलं.

सगळे गेल्यावर मी सरांजवळ खाटेवर टेकलो. चौकातल्या होळीचा उजेड भिंतीवर हलत होता.

"सर, पोरं एवढा ढीग घेऊन गेली, तुम्हाला खरंच काही कळलं नाही?"

"काहीच नाही, पाटील," ते होळीकडे बघत म्हणाले. "मुली सासरी गेल्यापासून इतकी गाढ झोप लागलीच नव्हती."