लाल वाटीवरची बशी

फिरत्या पट्ट्याच्या त्या सुशीवाल्याकडे शिगेझो काजिवारांनी पाऊल ठेवलं, तेव्हा त्यांच्याजवळ बोलण्यासारखं एकच वाक्य होतं. "तुझ्या लग्नाला आलो नाही, ते माझं चुकलं." चोशी बंदरापासून कासुकाबेपर्यंत त्यांनी ते इतकं घोकलं, की गाडीत समोर बसलेल्या बाईने शेवटी जागा बदलली.

चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने सुशी वळणाऱ्या माणसाची एकुलती एक लेक पट्ट्यावर सुशी फिरवणाऱ्या दुकानाच्या मॅनेजरशी लग्न करते, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ते हट्टाने दुकान उघडून बसले. गिऱ्हाईक एकही आलं नाही. सगळी आळी लग्नाला गेली होती. त्याला आता तीन वर्षं झाली.

आज नात्सुकीने मुद्दाम नवऱ्याच्याच शाखेत टेबल धरलं होतं. जावई आत भटारखान्यात होता.

"बाबा, काय मागवू?"

"नात्सुकी, तुझ्या..." शिगेझोंनी घसा खाकरला. "तुझ्या आवडीचं मागव."

एवढ्यात पट्ट्यावरून लाल वाटीवर ठेवलेली अंड्याची सुशी आली. समोर आलेली सुशी ताटकळत ठेवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी ती उचलली आणि तोंडात टाकली.

"बाबा! लाल वाटी म्हणजे दुसऱ्याची ऑर्डर!"

पलीकडच्या टेबलावर एका लहान मुलीने गळा काढला. "त्या आजोबांनी माझं अंडं खाल्लं!"

शिगेझोंच्या पायाखालची जमीन सरकली. उभ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडचा घास काढला नव्हता. ते धावत गेले आणि कमरेत वाकले. "फार मोठी चूक झाली."

"अहो, एका बशीचं काय एवढं!" मुलीचा बाप, होसोया, उठून वाकला.

शिगेझोंनी परत येऊन आपल्या जाड अंगठ्याने टेबलावरच्या ऑर्डरच्या पडद्यावर अंड्याची सुशी मागवली. अंगठा जरा जास्तच वेळ टेकला. सहा बशा आल्या. त्यांनी सहाही नेऊन दिल्या आणि पुन्हा वाकले. सहा बशा फुकट घेऊन गप्प बसेल तो होसोया कसला! त्याने उत्तम ट्यूना माशाची सुशी पाठवली. आता त्या ट्यूनाची परतफेड नको? शिगेझोंनी खरबूज पाठवलं. तिकडून पुडिंग आलं.

"बाबा, बसा ना आता. आपण जेवायला आलोय," नात्सुकी म्हणाली. "तीन वर्षांनी आलाय, आणि सगळा वेळ त्यांच्याच टेबलापाशी उभे."

"एकदाच जातो, पोरी. पुडिंगचं काहीतरी बोलायला हवं."

ते गेले, वाकले आणि अडकले. माफीचे होते नव्हते तेवढे शब्द संपले होते. होसोयाचं सगळं टेबल वाट बघत होतं. तोंड उघडलं, तर पोटात उरलेलं एकच वाक्य बाहेर पडलं.

"तुझ्या लग्नाला आलो नाही, ते माझं चुकलं. हट्टाला पेटलो होतो. दिवसभर रिकाम्या दुकानात बसलो होतो."

होसोया चमकला. पण एवढं वाकलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे जिभेवर बसलेलंच असतं. "छे छे, मनाला लावून घेऊ नका. तशी गर्दी बरीच झाली होती."

"हे कोण गं बाई?" त्याची बायको पुटपुटली.

शिगेझो वाकलेलेच राहिले. आता वर कोणत्या तोंडाने यावं ते त्यांना कळेना. कान लालबुंद झाले होते, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले होते. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. नात्सुकीने हात पुसायच्या रुमालाने डोळे पुसले आणि बापाच्या खांद्याला खांदा लावून तीही वाकली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "ती माफी माझी होती."

"मग घ्या ना, घ्या!" होसोया घाईघाईने म्हणाला. "आम्ही हातसुद्धा लावलेला नाही."