दिघा, शिरवणे, कळंबोली आणि मी

आधी नाव सांगतो. खोपकर काका, बी विंग, तिसरा मजला, नेरूळ. मी आज या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसलोय ते यांच्यामुळे. कसं ते पुढं सांगतोच, पण नाव आधी यायला पाहिजे.

काकांना पहिल्यांदा बघितलं ते रिक्षावाल्याशी भांडताना. त्यांनी शेजारी सीटवर एक चपटी पेटी ठेवली होती आणि रिक्षावाला म्हणत होता, "काका, ते खाली ठेवा ना पायापाशी." काका म्हणाले, "तुझ्या आईला ठेवशील का पायापाशी? वयाने तेवढीच आहे."

पेटीत टाईपरायटर होता. हातात धरून नेता येतो तसा, छोटा. काका फक्त तसलेच गोळा करतात. मोठे, टेबल अडवून बसणारे त्यांना चालत नाहीत. "जे उचलून घरी नेता येत नाही, त्याच्यावर जीव लावायचा नाही," हा त्यांचा नियम. जन्मभर ते फोर्टात एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट होते, तिथलं मशीन टेबलाला स्क्रूने बसवलेलं होतं म्हणे.

मशीन जिथं सापडलं, त्या जागेचं नाव त्याला द्यायचं, ही काकांची पद्धत. त्यामुळे त्यांचं बोलणं नवख्या माणसाला वेड्यासारखं वाटतं. "आज दिघा रुसलीय." "शिरवण्याला जरा ऊन देऊन आणतो." "कळंबोलीला रात्री कॉटखाली सरकवली, गप झोपली."

दिघा एका घरी पाण्याच्या पिंपावर झाकण दाबायला ठेवलेली होती. कळंबोली लोखंड बाजारात ट्रकच्या चाकाखाली, दगडाऐवजी. ती मराठी टाईपची, पण तिचा ळ मोडलेला, म्हणून तिला स्वतःचं नावच लिहिता येत नाही. काका तिच्यासमोर हा विषय काढू देत नाहीत.

शिरवण्याच्या पेटीत गावातली एक आजी सुकट ठेवायची. ती म्हणाली होती, "आतला लोखंड ने रं बाला, पन पेटी मना लागते हाय." काकांनी तिला स्टीलचा मोठा डबा नेऊन दिला, तेव्हा पेटी सुटली. शिरवण्यावर आजही दोन ओळी टाईप केल्या की आमच्या सोसायटीतली मांजरं तिसऱ्या मजल्यावर जातात.

मी इथं कामाला लागलो तेव्हा काकांनी माझं गाव विचारलं. मी म्हणालो, "जिंतूर. परभणीकडं." बास. तेव्हापासून मी जिंतूर. "जिंतूर, जेवलास का?" "जिंतूर, चहा घे, कळंबोलीला आणला होता, ती घेत नाहीये." मला वाटायचं, थट्टा करतात. पण मी काय बोलणार? आठवीतून शाळा सुटलेली, गावापासून इतक्या लांब आलेला माणूस मी. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी खुर्ची सोडून उभा राहायचो.

मग गेटवर टॅब आला. पाहुणा आला की टॅबच्या काचेवर बोट लावून त्याची नोंद करायची. आता माझी बोटं लहानपणापासून ऊस तोडलेली. काचेला ती कळेचनात. एकदा चेअरमन साहेबांच्या सासूबाई आल्या आणि मी दाबतोय, दाबतोय, त्या उन्हात उभ्या. त्याच आठवड्यात नोटीस लागली: सभा, विषय, वॉचमन बदलणे.

नोकरी गेली की दिघ्यातली खोली गेली, ती वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीची. आणि खोली गेली की सरळ गाव. तिथं आईनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगं मुंबईत सेट झालंय.

काकांना सांगितलं, तर ते माझा अंगठा धरून बघत राहिले. "काचेला गोंजारावं लागतं, जिंतूर. तुझं बोट मशीनचं आहे. मस्त बोट आहे." एवढंच बोलून गेले. मला वाटलं, झालं, आता भरा पिशवी.

सभा पार्किंगमध्ये. काका कळंबोलीला घेऊन आले, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवली आणि म्हणाले, "इतिवृत्त मी जागेवर टाईप करणार. प्रत्येकाचा शब्द न् शब्द."

चेअरमन साहेब खूश. उभे राहिले. "तर मंडळी, आपला वॉचमन..."

टिंग!

"थांबा," काका म्हणाले. "ओळ संपली." कर्रर्र करून मशीनचा रूळ मागं ढकलला. "हं, बोला."

"आपला वॉचमन हा माणूस म्हणून..."

टिंग! "थांबा."

"काका, समास एवढा आत का घेतलाय? दोन-चार शब्दांतच ओळ संपतेय."

टकटक, टकटक, टिंग! "तुमचा प्रश्नही घेतला. बोला."

असं तासभर. वाक्य म्हणून कुणाचं पुरं होईना. ए विंगच्या मॅडम गॅसवर दूध आहे म्हणून गेल्या. सेक्रेटरी हसू दाबायला खांबामागं गेले ते तिथूनच घरी. चेअरमन साहेब घाम पुसत म्हणाले, "जाऊ द्या हो, द्या इकडं, सही करतो." सही झाल्यावर त्यांनी शेवटची ओळ वाचली: वॉचमनचा विषय जागेअभावी घेता आला नाही.

"जागेअभावी?"

"कागदावर जागा नव्हती," काका म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं.

तो विषय पुन्हा निघाला नाही. निघाला तर कळंबोली परत खाली येईल, याचा सगळ्यांनीच धसका घेतलाय. टॅबला सेक्रेटरींनी मला एक रबरी टोकाची पेन्सिल आणून दिली, तिनं जमतं.

दुसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो, "काका, उपकार झाले. पण माझं नाव ज्ञानेश्वर आहे. तुमी जिंतूर का म्हणता?"

काका गेटपाशी माझ्या शेजारी बसून टूथब्रशनं शिरवण्याची अक्षरं घासत होते. ब्रश थांबला.

"आमच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर मोहिते बसायचा. जन्मभर 'मोहिते, मोहिते' केलं. डबा एकत्र खाल्ला. ही गेल्यावर एक दिवस वाटलं, मोहित्याला भेटून यावं. आणि लक्षात आलं, गाव कधी विचारलंच नाही. रिटायर होऊन गावी गेला, एवढंच माहीत. मोहिते काय, ढीगभर आहेत. जाणार कुठे?"

मग ब्रश पुन्हा सुरू झाला. "तुझं बरं आहे. जिंतूरला एस.टी. जाते."

मी गेट उघडायला उठलो. गाडी कुठलीच आली नव्हती.

काका, तुमचं हे मी फेडणार. आमच्याकडं तहसीलसमोर लिंबाखाली अर्ज टाईप करणारे बसायचे. त्यातल्या कुणाच्या तरी माळ्यावर एखादी छोटी पेटी नक्की पडलेली असेल. सुट्टी मिळाली की घरोघर फिरेन, सापडली की मांडीवर घेऊन आणीन, पायापाशी ठेवणार नाही. फक्त तिला नाव दुसरं शोधून ठेवा. जिंतूर तुमच्याकडं आधीच आहे.